३०० आणि ११० बॉडचा टर्मिनल खरोखर संथ कसा चालवायचा?

नवीपेठ_टीटीवाय यांचा प्रश्न

कॉलेजच्या प्रदर्शनात जुन्या संगणकांचा एक कोपरा मांडायचा आहे, इथंच सोलापुरात. एकेक अक्षर पडद्यावर उमटताना पोरांना दिसावं, एवढाच हेतू. (बॉड म्हणजे तारेवरून सेकंदाला किती बिट जातात तो वेग.) सामान असं: भंगारातून आलेला वाइज ६० टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक (९६०० ला व्यवस्थित चालतो), लिनक्सचा लॅपटॉप, एफटी२३२आर चिपची यूएसबी-सिरियल केबल, लॅपटॉपवर सिमएच या सिम्युलेटरमध्ये जुना पीडीपी-११ संगणक आणि त्यावर युनिक्सची सातवी आवृत्ती. शिवाय लॅबमधलं ८०८५ प्रोसेसरचं किट आहे. त्यावर ८२५१ (सिरियल चिप) आणि ८२५३ (टायमर चिप) दोन्ही आहेत, क्रिस्टल ६.१४४ मेगाहर्ट्झचा.

अडतंय ते इथं:

१. लॅपटॉपच्या टर्मिनल विंडोत वेग ठरवणारी 'एसटीटीवाय ३००' ही कमांड दिली. एरर येत नाही, परत विचारलं तर वेग ३०० सांगतो, पण मजकूर पूर्वीसारखाच भसकन येतो.

२. मग 'स्क्रिप्ट' कमांडचं आउटपुट 'पीव्ही' या वेग आवरणाऱ्या प्रोग्रॅममधून सोडलं, सेकंदाला ३० बाइटची मर्यादा घालून. वेग उतरला, पण अक्षरं तीन-तीनच्या गठ्ठ्यानं येतात. कंट्रोल-सी दाबलं तरी मजकूर थांबायचं नाव घेत नाही.

३. किटशी ११० बॉडवर बोलायला गेलं की दोन्ही बाजूंना कचरा.

४. सिमएचच्या कन्सोलचा वेग कुठं ठरतो? आणि ८२५३ मध्ये नेमके कोणते आकडे भरायचे?

---

होटगीरोड_यूआर्ट

आधी पहिली अडचण. टर्मिनल विंडोच्या मागे तारच नसते, असतो तो पीटीवाय, म्हणजे नुसता कर्नलमधला सोंगाडी. एसटीटीवायने दिलेला ३०० हा आकडा तो नोंदवून ठेवतो, कुणी विचारलं तर सांगतोही, पण अक्षरं अडवत नाही. खऱ्या पोर्टवर तोच आकडा यूआर्टच्या (सिरियल पोर्टच्या चिपच्या) डिव्हायझरमध्ये, म्हणजे घड्याळाला भागायच्या आकड्यात, जातो आणि वेग तिथं ठरतो.

तरी तो आकडा अगदीच वाया जात नाही. कर्सेसवर (पडदा रंगवायची लायब्ररी) लिहिलेले प्रोग्रॅम तो वाचून कर्सर हलवायचा स्वस्त मार्ग निवडतात. जुना एडिटर व्हीआय १२०० च्या खाली ८ ओळींचीच खिडकी उघडायचा, १२०० ला १६ ओळींची, त्यावर पूर्ण पडदा. ईमॅक्समध्ये आजही १२०० किंवा त्याहून कमी वेगावर शोधताना पूर्ण पडदा न रंगवता छोटी खिडकी दाखवायची सोय आहे. एसएसएच करताना हा वेग पलीकडच्या मशीनलाही कळवला जातो. तेव्हा वेग कुठल्याही मार्गानं उतरवा, एसटीटीवायचा आकडा खराच ठेवा. नाहीतर व्हीआय ९६०० समजून अख्खा पडदा रंगवत बसेल आणि ३०० वर त्याला मिनिटापेक्षा जास्त लागेल. हिशेब सोपा आहे: ८० गुणिले २४ म्हणजे १९२० अक्षरं. एका अक्षराला १० बिट धरले तर ३०० वर ६४ सेकंद, १२०० वर १६, २४०० वर ८, ९६०० वर २.

आता पीव्ही. अक्षरं गठ्ठ्यानं येतात कारण पीव्ही दर दहाव्या भाग सेकंदाला आपला वाटा सोडतो. तीसचा दहावा भाग तीन. कंट्रोल-सीची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि खरं दुखणं तेच आहे. लिनक्सच्या पाइपमध्ये ६४ केबी मजकूर मावतो. लांब फाइल छापायला घेतली की प्रोग्रॅम क्षणात पाइप भरून मोकळा होतो. मग ६५,५३६ बाइट, सेकंदाला ३० प्रमाणे, छत्तीस मिनिटं गळत राहतात. कंट्रोल-सीनं मारायला प्रोग्रॅम उरलेलाच नसतो, आणि पाइपात गेलेलं कुणी परत घेत नाही. जुन्या यंत्रांवर रांग छोटी असायची आणि कंट्रोल-सी दाबलं की कर्नल ती रांग फेकून द्यायचा. संथपणा खरा वाटतो तो यामुळं: अक्षर जिथं थांबून राहतं ती जागा छोटी हवी.

विंडोतच काम भागवायचं असेल तर पाइप काढून टाका. पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम होतो: पीटीवाय उघडा, त्याच्या आत शेल सुरू करा, मास्टर बाजूनं एका वेळी एकच बाइट वाचा, पडद्यावर लिहा, लगेच फ्लश करा, ३३.३ मिलिसेकंद थांबा. थांबताना 'आत्तापासून इतकं' असं मोजू नका. सुरुवातीची वेळ धरून 'अमुक क्षणापर्यंत' असं थांबा, नाहीतर प्रत्येक अक्षरामागे थोडा उशीर साचून ३० चे २७-२८ होतात. कळफलकाची बाजू वेगळी, न अडवता पुढं पाठवा. पीटीवायमध्येही काही केबी साठतात, पण कंट्रोल-सीवर कर्नल ते झटकतो, त्यामुळं हाताला बरोबर लागतं. एक सांगून ठेवतो: देवनागरी मजकूर दाखवणार असाल तर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी सगळं धरून. ३०० बॉडवर सेकंदाला दहाच चिन्हं पडतील.

पण वाइज हाताशी असताना विंडोच्या मागे कशाला लागता? खरी तार वापरा, वेगाची नक्कल करावीच लागत नाही. वाइजची पंचवीस पिनांची जोडणी: पिन २ पाठवणारी, ३ घेणारी, ७ ग्राउंड. लॅपटॉपच्या नऊ पिनांच्या टोकाला २ घेणारी, ३ पाठवणारी, ५ ग्राउंड. म्हणजे २ ला २, ३ ला ३, आणि ७ ला ५. आकडे सरळ जुळतात म्हणून ही सरळ केबल आहे असं समजू नका. नावानं बघितलं तर ती उलटीच पडते आणि तशीच पाहिजे. वाइजच्या सेटअपमध्ये वेग ३००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, हँडशेक (थांब-चालू कळवायची रीत) एक्सऑन-एक्सऑफ. हार्डवेअर हँडशेक चालू राहिला तर तीन तारांवर टर्मिनल मुका बसेल.

लिनक्सकडे एगेटी (पोर्टवर लॉगिन देणारा प्रोग्रॅम) चालवा: मोठ्या एलचा पर्याय, मग पोर्ट, मग ३००, मग टर्मिनलचं नाव डब्ल्यूवाय६०. तो मोठा एल विसरलात तर एगेटी कॅरिअर सिग्नलची वाट बघत बसतो. तीन तारांच्या केबलवर तो सिग्नल कधीच येत नाही आणि पडदा कोराच राहतो. सिस्टिमडी (सर्व्हिस सुरू करणारा) असेल तर सिरियल-गेटीच्या सर्व्हिसला ओव्हरराइड द्या. त्यात आधी एक रिकामी 'एक्झेकस्टार्ट' ओळ, मग आपली. रिकामी ओळ दिली नाही तर दोन आज्ञा झाल्या म्हणून सर्व्हिस उठत नाही.

आता ११०. एफटी२३२आरमध्ये ३ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला १४ बिटांच्या आकड्यानं भागतात, म्हणजे तळ साधारण १८३ बॉड. त्याखाली मागितलं तर जो वेग मिळतो तो ११० नसतो. सीपी२१०२ चा तळ ३००. सीएच३४० ची डेटाशीट ५० पर्यंत सांगते. सगळ्यात खात्रीचं म्हणजे मदरबोर्डवर सिरियल पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप. १.८४३२ मेगाहर्ट्झवर डिव्हायझर १०४७ ठेवला की ११०.०३ मिळतात, ३०० ला ३८४. बोर्डवर दहा पिनांचा हेडर असतो, ब्रॅकेट स्वस्तात मिळतं. पण त्या पट्टीच्या जोडणीचे दोन प्रकार आहेत, मीटर लावून पिन ५ ग्राउंडला जाते का बघून घ्या.

डेस्कटॉपचा आणखी फायदा आहे. यूएसबीच्या रस्त्यात ड्रायव्हरचा एक बफर आणि चिपचा एक, आणि चिपच्या पोटात गेलेलं कंट्रोल-सीनं परत येत नाही. ३०० वर शंभरेक बाइट म्हणजे तीन-चार सेकंदांची शेपूट. डेस्कटॉपच्या १६५५० यूआर्टमध्ये १६ बाइटांचा फिफो (रांग), अर्धा सेकंद. तोही नको असेल तर सेटसिरियलनं पोर्टला १६४५० म्हणून सांगा, फिफो बंद होतो.

११० ला २ स्टॉप बिट ठेवा. मॉडेल ३३ टेलिटाइपचं (कागदावर छापणारा टर्मिनल) अक्षर ११ बिटांचं होतं, म्हणून ११० भागिले ११, सेकंदाला बरोबर १० अक्षरं. ३०० ला १ च स्टॉप बिट. तपासायचं असेल तर ३००० अक्षरांची फाइल पाठवून घड्याळ लावा: १०० सेकंद लागले तर बरोबर, ११० लागले तर कुठंतरी दोन स्टॉप बिट राहिलेत.

---

भुईकोट११

सिमएचचं मी सांगतो. तिथं दोन आकडे लागतात आणि बहुतेक जण एकच देतात.

टीटीओ (कन्सोलची छापणारी बाजू) नावाच्या डिव्हाइसला 'टाइम' असा एक रजिस्टर आहे. एक अक्षर दिल्यापासून 'झालं, पुढचं द्या' असा इंटरप्ट येईपर्यंत किती सूचना जाऊ द्यायच्या, तो हा आकडा. मूळचा तो खूप लहान असतो, म्हणून कन्सोल धावतो. 'डिपॉझिट टीटीओ टाइम' पुढं आकडा लिहून तो वाढवता येतो. पण हा आकडा सेकंदांत नाही, सूचनांत आहे. नुसता तो वाढवला तर आजच्या लॅपटॉपवर एक वेग, जुन्या डेस्कटॉपवर दुसरा, आणि बॅटरीवर गेल्यावर तिसराच.

म्हणून आधी 'सेट थ्रॉटल ५००के' द्या. सिम्युलेटर सेकंदाला पाच लाख सूचनांवर बांधला जातो. मग भागाकार करा: सेकंदाला १० अक्षरं हवीत तर ५०,०००, ३० हवीत तर १६,६६७, १२० हवीत तर ४,१६७. रजिस्टर दशमानात आहे, ऑक्टलमध्ये बदलत बसू नका. पीडीपी-११ म्हटलं की हात आपोआप ऑक्टलकडे जातो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

थ्रॉटल आणि आयडल (रिकाम्या वेळी सीपीयू मोकळा सोडणं) एकत्र चालत नाहीत. इनिशियलायझेशन फाइलमध्ये 'सेट सीपीयू आयडल' असेल तर ती ओळ काढा. थ्रॉटल लागल्यावर सुरुवातीचे काही क्षण सिम्युलेटर वेग जोखत असतो, तेवढ्यात मोजमाप घेऊ नका.

या पद्धतीत कंट्रोल-सीची कटकट नाही, कारण अक्षरं युनिक्सच्या स्वतःच्या रांगेत थांबतात, बाहेर कुठं साचत नाहीत. तुमच्या युनिक्सवर थांबवायची कळ डिलीट असते हे मात्र पोरांना सांगून ठेवा, नाहीतर कंट्रोल-सी दाबत बसतील.

टेलिटाइपचा भास आणायचा तर 'एसटीटीवाय टीटीवाय३३' द्या. मॉडेल ३३ मध्ये लहान लिपी नव्हतीच, ओळ ७२ अक्षरांची. गाडी डावीकडं परत यायला साधारण दोन अक्षरांचा वेळ लागायचा, म्हणून आधी कॅरेज रिटर्न आणि मग लाइन फीड असा क्रम पडला: गाडी प्रवासात असताना लाइन फीडचे १०० मिलिसेकंद खर्ची पडतात. उलट क्रमानं पाठवलं तर पुढचं अक्षर कागदाच्या मध्येच कुठंतरी उमटायचं. आणि लॉगिनचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत टाइप केलं तर युनिक्स समजतो की समोर मोठ्या अक्षरांचाच टर्मिनल आहे. पुढचं सगळं मोठ्यात छापतो. प्रदर्शनात हे मुद्दाम करून दाखवा, बघणाऱ्यांना आवडतं.

---

पूर्वभाग_८०८५

किटचं ऐका की आता. ६.१४४ चा क्रिस्टल म्हणजे ८०८५ बाहेर ३.०७२ देतो. ८२५३ ला २ मेगाहर्ट्झच्या वर घड्याळ चालत नाही, त्यामुळं तुमच्या किटवर तो मध्ये एका फ्लिप-फ्लॉपनं अर्धा केलेला असणार, १.५३६. सर्किट बघून खात्री करून घ्या, कारण पुढचे सगळे आकडे त्यावरच आहेत. ८२५४ असेल तर काही जण सरळ ३.०७२ देतात. तसं असलं तर सगळे भागाकार दुप्पट.

८२५१ ला सोळा पट घड्याळ द्यायचं. ३०० गुणिले १६ म्हणजे ४८००. १५,३६,००० भागिले ४८०० बरोबर ३२०, हेक्समध्ये ०१४०. १२०० ला ८०, २४०० ला ४०, ९६०० ला १०, सगळे पूर्णांक. क्रिस्टल ६.१४४ चा निवडला तो उगीच नाही. ११० ला ८७२.७ येतात, ८७३ घ्या (हेक्स ०३६९), वेग १०९.९७ पडतो, चालतंय.

८२५३ चा शून्य काउंटर वापरत असाल तर कंट्रोल शब्द हेक्स ३६: आधी खालचा बाइट, मग वरचा, मोड ३. म्हणजे ३०० साठी ४० आणि मग ०१. उलटं भरलं तर ०१४० ऐवजी ४००१ होतं. मग सेकंदाला सहा बिटसुद्धा पडत नाहीत, आणि तुम्ही म्हणणार किट मेलं.

८२५१ ला मोड शब्द देण्याआधी तीनदा ००, मग ४०. हे चुकवू नका. चिप कुठल्या अवस्थेत अडकलीय ते बाहेरून कळत नाही, आणि तुमचा मोड शब्द ती कमांड समजून गिळते. मग ३०० साठी ४ई (८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप), ११० साठी सीई (तेच, २ स्टॉप). टेलिटाइपसारखं ७ बिट आणि सम पॅरिटी हवी असली तर एफए. शेवटी कमांड २७.

एवढं करूनही एक अक्षर बाहेर पडत नसेल तर सीटीएस ('पाठवायला मोकळीक आहे' सांगणारी पिन) बघा. ८२५१ ची ही पिन खाली नसेल तर तो पाठवतच नाही, घेतो मात्र निवांत. तीन तारांवर काम करताना ती ग्राउंडला बांधा. निम्म्या वेळा दोष इथंच असतोय बघा.

लेव्हल बदलायला किटवर १४८८ आणि १४८९ असतील तर उणे १२ व्होल्टचा पुरवठा खरंच येतोय का मोजा. नसेल तर मॅक्स२३२ लावा, १ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, दिशा सांभाळून. आणि यूएसबीची टीटीएल केबल सरळ वाइजला लावू नका बरं का. वाइजकडून उणे-अधिक दहा-बारा व्होल्ट येतात, पाच व्होल्टची चिप जागच्या जागी जाते.

अर्डिनो उनो मध्ये घालून वेग उतरवायचं कुणी सुचवेल. १६ मेगाहर्ट्झवर त्याचा हार्डवेअर यूआर्ट २४४ च्या खाली जात नाही. ३०० ला चालेल, ११० ला नाही.

---

नवीपेठ_टीटीवाय

मोठ्या एलचाच घोळ होता, वाइज आता ३०० वर बोलतोय. एक नवीन दिसतंय: प्रत्येक प्रॉम्प्टच्या आधी '२००४एच' असं काहीतरी उमटतं आणि प्रॉम्प्ट यायला अर्धा सेकंद जास्त लागतो. एलएस तर फारच रेंगाळतं.

---

होटगीरोड_यूआर्ट

ते बॅशचं ब्रॅकेटेड पेस्ट. नव्या बॅशमध्ये रीडलाइन प्रत्येक प्रॉम्प्टआधी ८ बाइटांची एस्केप मालिका पाठवते आणि एंटर दाबल्यावर ९ बाइटांची. टर्मिनलला ती कळते का हे विचारत नाही. वाइज त्यातलं थोडं गिळतो, उरलेलं छापतो. १७ बाइट म्हणजे ३०० वर ०.५७ सेकंद, तुमचा अर्धा सेकंद तोच. इनपुटआरसी फाइलमध्ये 'सेट एनेबल-ब्रॅकेटेड-पेस्ट ऑफ' लिहा, परत लॉगिन करा.

एलएसला रंगांचं ओझं आहे. एकेका नावाच्या मागेपुढे दहा-बारा बाइट नुसत्या रंगासाठी, आणि वाइज तर एकरंगी. एलएसचा एलियास काढा, प्रॉम्प्ट एका डॉलरच्या चिन्हापुरता ठेवा. मशीनचं नाव आणि पूर्ण पाथ दाखवणारा तीस अक्षरांचा प्रॉम्प्ट म्हणजे दर वेळी एक सेकंद. जुन्या युनिक्सच्या कमांड दोन-दोन अक्षरांच्या का आणि यशस्वी झाल्यावर गप्प का, ते ११० वर बसलं की कळतं.

---

सातरस्ता_मोडेम

तार नुसती दिसते, ऐकू येत नाही. मिनिमोडेम नावाचा प्रोग्रॅम बसवा. ३०० दिलं की बेल १०३ या जुन्या मोडेमचे सूर काढतो, ध्वनीच्या तारेतून किंवा सरळ स्पीकरमधून दुसऱ्या लॅपटॉपच्या माइकपर्यंत मजकूर जातो. हॉलमध्ये गोंगाट असला तर स्पीकरचा नाद सोडा, ऑडिओ केबल जोडा आणि ऐकायला एक स्पीकर समांतर लावा. आवाज पूर्ण वाढवू नका, सूर फाटला की अक्षरं चुकतात. माइकवर 'नॉइज सप्रेशन' असेल तर बंद करा. एकसुरी आवाज तो गोंगाट समजून कापून टाकतो.

---

पूर्वभाग_८०८५

मांडणीच्या दिवशी एक करा: वाइज, डेस्कटॉप आणि किटचा पुरवठा, तिन्ही एकाच अर्थिंगच्या बोर्डावर लावा. लॅपटॉपच्या दोन पिनांच्या चार्जरवर ग्राउंड तरंगत असतो. वाइजची केबल चालू असताना खोचली की ठिणगी पडते, आणि जातो तो पोर्टाचा ड्रायव्हर. आधी केबल, मग वीज. वाइज उघडून आत हात घालायचा मोह आवरा, नळीवरचं हाय व्होल्टेज प्लग काढल्यावरही टिकून असतं. स्पेअर म्हणून मॅक्स२३२ चे दोन आयसी बेस लावून जवळ ठेवा. सोल्डर केलेला आयसी गर्दीत बदलता येत नाही.